आधी खपली धरू दे

आमच्या सोसायटीला पन्नास वर्षं होतायत म्हणून स्मरणिका निघते आहे. तिचं काम गुप्त्यांचा नातू ओंकार बघतो. छापायला देण्याआधी तो सगळा मजकूर माझ्याकडे ठेवून गेला. "आजोबा, आता तुम्हीच सगळ्यांत जुने. काही चुकलं असेल तर सांगा," म्हणाला. त्यात गच्चीबद्दल चार ओळी आहेत. पूर्वी एका शिक्षिकेने गच्चीवर निवडुंगाची बाग केली होती, देखभालीअभावी तिला कीड लागली, आणि पुढे गच्ची सर्वांच्या वापरासाठी मोकळी झाली, असं लिहिलं आहे.

त्या शिक्षिकेचं नाव सुमती पेंडुरकर. सगळे त्यांना पेंडुरकरबाई म्हणत. आणि देखभाल कमी पडली नव्हती. तो शब्द ओंकारला त्याच्या आजोबांकडून मिळाला असणार, आणि आजोबांना तो माझ्याकडून मिळाला होता. म्हणून हे लिहायला बसलो आहे. चार ओळींच्या जागी ओंकार एवढं छापणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितो.

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या पलीकडे तेव्हा काही नव्हतं. गच्चीवर उभं राहिलं की थेट मिठागरं दिसत. उन्हात डोळे दिपवणारे मिठाचे ढीग आणि त्यांच्यापलीकडे खाडीची एक करडी रेघ. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, लग्न केलेलं नव्हतं, आईबरोबर दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. गच्चीची किल्ली माझ्याकडे असे. पेंडुरकरबाई तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या भावाच्या ब्लॉकमध्ये राहायला आल्या. भाऊ नोकरीनिमित्त नागपूरला होता. बाई रेल्वेलाइनच्या पलीकडच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. पंचेचाळिशीच्या असतील. वेंगुर्ल्याकडच्या. बोलणं शाळेतलं शुद्ध, पण राग आला किंवा आनंद झाला की एकदम मालवणी.

त्यांचं सामान आलं त्या दिवशी टेम्पोतून भांडीकुंडी थोडी आणि तेलाचे पत्र्याचे डबेच जास्त उतरले. प्रत्येक डब्यात निवडुंग. फड्या निवडुंग म्हणतो आपण तो, हाताच्या पंजासारखे चपटे तुकडे एकावर एक चढलेले. जिन्यात बघे जमले. माझी आई दाराशी येऊन म्हणाली, "अहो बाई, हे घरात ठेवतात का कोणी? भांडणं होतात."

"घरात नाही ठेवत, आई. गच्चीवर ठेवते," बाई म्हणाल्या. "भांडणं वरच्या वर होतील."

आईला हे आवडलं. तिनं तसं दाखवलं नाही.

बाईंच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटा चिमटा कायम असे. शाळेत जाताना, देवळात जाताना, लग्नाला जातानासुद्धा. बोलता बोलता तो हातात यायचा आणि बाई बोटातली कुसळं उपटत राहायच्या, दुसरी बाई विणकाम करते तशा. निवडुंग टोचतो असं त्या कधी म्हणत नसत. "तो धरतो. आपण हात ओढतो म्हणून लागतं," म्हणायच्या. आणि त्या चपट्या पंजाला कोणी 'पान' म्हटलेलं त्यांना खपत नसे. इमारतीतली पोरं मुद्दाम म्हणायची, "बाई, तुमचं पान पडलं." की बाई कठड्यावरून ओरडायच्या, "अरे मेल्या, ता पान न्हय, खोड आसा!" मग पोराला वर बोलावून कोवळ्या खोडावरची तांदळाएवढी हिरवी टोकं दाखवायच्या. ही खरी पानं. आठ-पंधरा दिवस राहतात आणि गळून जातात. पुढे सगळं काम खोडच करतं, पाणी साठवतं, ऊन खातं, काटेही बाळगतं. पुढे पुढे आमचा पोस्टमनही खोड म्हणायला लागला.

डब्यांवर रंगानं नावं लिहिलेली होती. लॅटिन नावं त्यांना पाठ होती, पण डब्यावर त्यांनी स्वतः ठेवलेली नावं असत. एक 'एककाटी', पातळ चकचकीत खोडाचा, प्रत्येक ठिपक्यातून एकच लांब काटा. एक 'बिनकाट्याचा', सुपाएवढाल्या खोडांचा. दुष्काळात हा गुरांना घालतात, असं त्या सांगत. एक 'सशाचे कान', लहानखुरा, अंगावर सोनेरी मखमलीचे ठिपके. आणि अगदी कोपऱ्यातला एक डबा, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या डब्यातला निवडुंग त्यांच्या गावच्या घरामागच्या विहिरीजवळचा होता. ती जागा विकली गेली तेव्हा वडिलांनी कुंपण तोडायच्या आदल्या दिवशी त्यातलं एक खोड मुलीच्या हातात दिलं होतं. तेव्हापासून बाई जिथे जिथे राहिल्या, वाकोल्याच्या खोलीत, मग कांदिवलीला, तिथे तिथे तो बरोबर गेला. चांगला कमरेएवढा झाला होता. पण त्याला फूल कधी आलं नव्हतं. आणि फुलाशिवाय त्या नाव लिहायला तयार नव्हत्या. मी एकदा म्हटलं, काट्यांवरून नाही का सांगता येत? तर म्हणाल्या, काटे कोवळेपणी पिवळे असतात आणि म्हातारपणी राखाडी होतात, काट्यांवरून सांगणारा फसतो. दोन जाती डोळ्यांसमोर होत्या. एकीचं फूल पिवळं, आतले केसरही पिवळे. दुसरीचं फूल उमलताना पिवळं आणि मिटताना नारिंगी, आतले केसर तांबडे.

"मग तुम्हाला काय वाटतं? कुठली?"

"मला वाटून काय उपयोग, आपटे? त्याला आल्याशिवाय कसं सांगू?" मग थोड्या वेळानं, डबा उन्हाकडे फिरवता फिरवता म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत एकदा यायला हवं एवढंच."

आयुष्यात त्यांनी मागितलेली हीच एक गोष्ट माझ्या कानावर आहे.

गुप्ते तेव्हा चेअरमन होते. गच्चीवर निवडुंग ठेवण्याला त्यांचा पहिल्यापासून विरोध, कारण त्यांच्या टीव्हीचा अँटेना तिथेच होता. एका रविवारी संध्याकाळी सिनेमा सुरू व्हायच्या वेळेला चित्र जायला लागलं. गुप्ते वर गेले, खाली त्यांचा मुलगा खिडकीत. "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "नुसत्याच मुंग्या, बाबा!" अँटेना फिरवता फिरवता गुप्त्यांचा तोल गेला आणि त्यांनी आधाराला हात टेकला. काट्यांचे डबे त्यांना दिसत होते, ते त्यांनी टाळले. मऊ दिसणाऱ्या सशाच्या कानांवर पंजा ठेवला.

ती मखमल म्हणजे कुसळं असतात. केसाहून बारीक, टोकाला उलटे दात असलेली, आणि नुसत्या स्पर्शानं झुबक्यानं सुटून येणारी. गुप्त्यांच्या तळहातात शेकडो घुसली. दिसत एकही नव्हतं. बाईंनी त्यांना कठड्यापाशी स्टुलावर बसवलं, हाताला डिंक फासला, त्यावर धोतराचा पातळ तुकडा दाबला आणि तो वाळेपर्यंत गुप्त्यांना हलू दिलं नाही. सगळी इमारत सिनेमा सोडून गच्चीवर आली. वाळल्यावर बाईंनी तुकडा एका झटक्यात ओढला. गुप्ते जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गर्दी पांगल्यावर बाई चिमट्यानं स्वतःची बोटं साफ करत होत्या. मी किल्ली घेऊन थांबलो होतो. म्हणाल्या, "गुप्ते मोठ्या काट्यांचे. लांबून दिसतात, बाजूनं जाता येतं. वाईट नाहीत हो."

"आणि मी?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही कुसळांचे. हात लावला की मऊ. आठ दिवसांनी कळतं, सलतंय."

मी हसलो. तेव्हा ते मला कौतुकच वाटलं होतं.

त्यांच्या तोंडात एक वाक्य सदा असे, "आधी खपली धरू दे." निवडुंग लावायचा तर खोड मोडून लगेच मातीत खोचायचं नाही. ओल्या जखमेला माती लागली की ते कुजतं. सावलीत आठ-दहा दिवस नुसतं ठेवायचं. जखम वाळून टणक झाली की मग लावायचं, आणि तेव्हाही पाणी घालायची घाई करायची नाही. हे वाक्य त्या सगळ्याला लावत. दोन शेजाऱ्यांचं भांडण मिटवायला मी निघालो की म्हणत, "आज नका जाऊ. आधी खपली धरू दे." नापास झालेल्या मुलीची आई रडत आली, तिलाही तेच. भांडणाच्या बाबतीत त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघे.

आईशी त्यांची दोस्ती झाली ती बोंडांमुळे. निवडुंगाला जांभळट लाल बोंडं धरली तेव्हा बाईंनी ती चिमट्यानं तोडली, वाळूत घोळून कुसळं काढली, सोलून गाळून त्यांचं सरबत केलं आणि पेला घेऊन खाली आल्या. रंग असा की बघत राहावं. त्या दिवशी एकादशी होती. आईपुढे प्रश्न पडला, की निवडुंग उपासाला चालतो का? शास्त्रात कुठे लिहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "फळ आहे, आई. वरून साखर घातलीय. देवाला काय अडचण?" आईनं दोन पेले घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती न्हाणीघरातून पांढरीफटक पडून बाहेर आली आणि मला म्हणाली, "अनंता, डॉक्टरला बोलाव. माझं काही खरं नाही." मी घाबरून आधी बाईंचं दार ठोठावलं. बाईंनी ऐकलं आणि दाराच्या चौकटीला धरून हसायला लागल्या. बोंडाचा रंग पोटात जिरत नाही, जसा आत जातो तसा बाहेर पडतो, हे सांगायचं त्या विसरल्या होत्या. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग पुढच्या एकादशीला स्वतःच विचारलं, "बोंडं संपली का गं सगळी?"

त्या उन्हाळ्यात एककाटीला फुलं आली. रविवारची सकाळ होती. बाईंनी मला कठड्यावरून हाक मारली. पिवळं फूल, वाटीएवढं, मधे केसरांची दाटी. म्हणाल्या, करंगळीचं नख आत लावा, हळू. मी लावलं. ते केसर, झाडाचे केसर, हलले. सगळे मिळून सावकाश आत वळले आणि माझ्या नखावर झुकले. मी बोट काढायचं विसरलो. बाई शेजारी वाकून बघत होत्या. मधमाशी आत शिरली की ते असे झुकतात, तिच्या अंगाला परागकण लागावेत म्हणून, असं त्या सांगत होत्या. वर्गात सांगावं तसंच. मी काय ऐकलं कोण जाणे. त्यांच्या केसांना शिकेकाईचा वास होता. मी विचारलं, फूल किती दिवस राहील? "आजचा दिवस." एकच दिवस? "मग काय, तुमच्यासारखी पंधरा दिवसांची रजा?"

चाळीस वर्षं झाली. मुलुंडमध्ये आता शिकेकाईचा वास येत नाही कुठे.

नंतर एकदा त्यांनी त्या बिननावाच्या निवडुंगाचं एक खोड मला दिलं. मी मागितलं नव्हतं. "एकाच डब्यात सगळा जीव ठेवू नये. खपली धरली की लावा," म्हणाल्या. मी ते गॅलरीतल्या खिडकीवरच्या फळीवर ठेवलं. सरबत वेगळं आणि निवडुंग घरात लावणं वेगळं, याबद्दल आई ठाम होती. आज लावू, उद्या लावू करत ते फळीवर राहिलं ते राहिलंच.

आता कापसाचं सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत बाई गावाला गेल्या. मी गच्चीवर एक नजर ठेवायची, पाणी घालायचं नाही, असं ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर माझ्या मावसभावाचं लग्न नगरकडे होतं. तिथे रस्त्याकडेला फड्या निवडुंगाचं बन दिसलं. खोडं मोठी, काटे लांब, बाईंकडे नसलेली जात. मला वाटलं, हे घेऊन जावं. त्याला पांढरे पुंजके चिकटले होते. त्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या दिवसभर जात होत्या, बाभळींच्या फांद्यांनाही कापूस अडकलेला. तसाच हा, असं मी धरून चाललो. एक पुंजका रुमालानं पुसला तर रुमालाला लाल डाग पडला. लग्नघर होतं, सगळ्यांच्या हाताला कुंकू. मला काहीच वाटलं नाही.

मुंबईला आल्यावर मी ते खोड गच्चीवर नेलं आणि मागच्या रांगेतल्या एका रिकाम्या डब्यात खोचून ठेवलं. बाई परत आल्या की त्यांना एकदम दिसावं म्हणून बोललो नाही. खपली धरू द्यायलासुद्धा मी थांबलो नव्हतो.

बाई आल्या त्या शाळेच्या परीक्षांत अडकल्या. बरेच दिवस गच्चीवर नीट गेल्याच नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी मला वर बोलावलं. एककाटीच्या खोडांवर पांढरे पुंजके बसले होते. शेजारच्या डब्यावर होते, त्याच्या शेजारच्यावरही. बाईंनी एक पुंजका चिमट्यानं उचलला आणि तळहातावर चिरडला. तळहात लालभडक झाला. "बघा. रंगाचा किडा," त्या म्हणाल्या. हा निवडुंग आपला नव्हे, समुद्रापलीकडून आलेला. आला आणि देशावर मैलोन्मैल माजला. मग तो मारायला हाच किडा सोडला. वर कापूस दिसतो, खाली मादी बसून खोडाचा रस पिते. निवडुंग सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नाही. त्या शांतपणे सांगत होत्या आणि मी त्यांच्या तळहाताकडे बघत होतो. तो रंग मला ओळखीचा होता. रुमाल धुतल्यावरही डाग गेला नव्हता.

"आला कुठून पण?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं असं नाही.

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथे माझं खोड कुजून कागदासारखं लोंबत होतं. "वाऱ्यानं येतो," त्या म्हणाल्या. "ह्याची पिल्लं वाऱ्यावर जातात." तेही खरंच आहे. मी नंतर वाचलं.

मी पाण्याची बादली आणायला खाली गेलो.

पुढचे दोन-अडीच महिने बाई पहाटे शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर गच्चीवर असत. साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश. एकेका ठिपक्याभोवतीचा किडा घासून काढायच्या. हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. मी पाण्याच्या बादल्या वर नेऊन द्यायचो. एक डबा साफ होईपर्यंत दुसरा पांढरा व्हायचा. एककाटी गेली, मग बिनकाट्याचा लोळागोळा होऊन पडला, मग सशाचे कान. बाईंनी तो कोपऱ्यातला बिननावाचा डबा वेगळा काढून पाण्याच्या टाकीपलीकडे नेऊन ठेवला आणि बाकीचे सोडून त्याच्याच मागे लागल्या. होळीच्या सुमाराला त्याच्या बुंध्याशी बोट लावलं तर ते आत गेलं. त्या म्हणाल्या, "ह्या काय झाला," एवढंच. कोणाला उद्देशून नाही.

सोसायटीची सभा त्याच आठवड्यात होती. गुप्त्यांनी विषय काढला, की गच्चीवर सडकी झाडं आहेत, कीड उद्या घराघरांत शिरेल. मग माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुमच्याकडे किल्ली असते. एवढी धडधाकट झाडं मेली कशानं?"

बाई भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. 'मी आणली कीड,' एवढंच म्हणायचं होतं. गुप्ते दोन शब्द बोलले असते, लोक हसले असते, संपलं असतं. मी म्हणालो, "देखभाल राहिली असेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग गुप्त्यांकडे वळून म्हणाल्या, "हो. राहिली."

गच्ची रिकामी करायचा ठराव झाला. डबे बाईंनी स्वतः रिकामे केले. शेवटचा, नाव नसलेला, त्यांनी घासून धुऊन आमच्या दाराशी आणून ठेवला आणि आईला म्हणाल्या, "तांदूळ ठेवायला होईल." आई त्यात तांदूळ ठेवत असे. गुढीपाडव्याच्या साफसफाईत तिनं गॅलरीतली फळी काढली, आणि मला हाक मारली. तिच्या हातात ते खोड होतं, बाईंनी मला दिलेलं. सुरकुतलेलं, अर्धं झालेलं. ना माती, ना पाणी. पण खालून गुलाबी मुळं हवेत आली होती आणि वर अंगठ्याएवढं नवं खोड फुटलं होतं, त्यावर तांदळाएवढी पानं. कापसाचा कणही नव्हता. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "जिवंत आहे रे. देऊन ये तिला."

त्याच दिवशी द्यायला हवं होतं. पण ते द्यायचं म्हणजे तोंड उघडायचं. मी ते खिडकीत ठेवलं आणि रोज बघत राहिलो. नवं खोड तळहाताएवढं झालं.

मे महिन्यात बाईंनी शाळा सोडली. गावाला आई एकटी, अंथरुणाला खिळलेली, आणि भावाला ब्लॉक विकायचा होता. त्या परत मुंबईत आल्या नाहीत. मी वेंगुर्ल्याला जाण्याचं अनेकदा ठरवलं. दोनदा रजाही मंजूर करून घेतली. गेलो नाही. त्या वारल्याचं मला फार उशिरा, त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. फुलाचं तिला काही माहीत नव्हतं. ते कोणाला विचारावं, मला माहीत नाही.

माझ्याकडच्याला फूल आलं. बरीच वर्षं गेल्यावर, आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. सकाळी पिवळं होतं, दुपार कलताना नारिंगी झालं. आतले केसर तांबडे. मी करंगळीचं नख लावलं. आता तो सोसायटीच्या फाटकाशी आहे, पुरुषभर उंच. ओंकार त्याला कॅक्टस म्हणतो. ओंकार, तुझ्या चार ओळींत एवढी दुरुस्ती कर, की बाग सुमती पेंडुरकरांची होती, आणि कीड मी आणली. देखभाल त्यांनी केली. कोणी करणार नाही एवढी केली.

त्या मुलुंड सोडून गेल्या ती सकाळ सांगायची राहिली.

टेम्पो भरून झाला होता. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, किल्ल्यांचं जुडगं कमरेला नव्हतं, चिमटा नुसताच पर्सला अडकवलेला. मी जिना उतरून धावत गेलो आणि खिडकीतून ते खोड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. प्रत्येक काट्याच्या मुळाशी बघितलं, उलटंसुलटं करून. कुसळं बोटात जात होती, त्यांना भान नव्हतं.

"कुठे होतं हे?"

"फळीवर. लावायचं राहिलं."

"राहिलं." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग हसायला लागल्या, त्या दिवशी दाराच्या चौकटीला धरून हसल्या होत्या तशा. "म्हणजे देखभाल राहिली म्हणून वाचलं हो, आपटे."

मी म्हटलं, "बाई, ते नगरहून..."

"माहीत आहे. मी गावाहून आले तेव्हाच तुमच्या आई म्हणाल्या होत्या, अनंतानं लग्नाहून तुझ्यासाठी काहीतरी आणलंय." त्यांनी चिमट्यानं नव्या खोडाचा सांधा धरला आणि एका पिळानं ते वेगळं केलं. जुनं माझ्या हातात परत दिलं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. घाई नव्हती केली."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"लगेच लावू नका," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"तुम्हाला सगळं माहीत असतं."

टेम्पो फाटकातून बाहेर पडला, मिठागरांच्या कडेच्या रस्त्याला लागला. वळणापाशी पोचला तेव्हा खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. मी हात वर केला आणि हलवत राहिलो, बराच वेळ. मग लक्षात आलं, त्यांचा हात हलत नव्हता. मोडलेली बाजू वर करून त्यांनी ते खोड वाऱ्याला धरलं होतं.